व्याकरणाचा पट

व्याकरणाचा तास म्हणजे जांभयांचा तास, असाच आम्हां बहुतेकांचा शाळेंतील अनुभव आहे. म्हणून इंग्रजी व्याकरण शिकविण्यासाठीं एखादा शिक्षक सोंगट्या-फांसे घेऊन वर्गांत आला, तर आपण त्यास आधुनिक थेर समजतों. परंतु हा उद्योग फार जुना आहे, आणि त्यांत एका स्त्रीचा वांटा मोठा आहे.

1693 मध्यें जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानें फांशांवर अक्षरें चिकटवून मुलांस वाचावयास शिकवावें, असें सुचविलें. 1759 मध्यें जॉन जेफरीज यानें युरोपच्या नकाशाचाच पट केला. त्यावर रोमला पोहोंचून पोपच्या पायाचें चुंबन घेणाऱ्या खेळाडूस आइसलंडच्या थंडींत धाडीत, व तीन पाळ्या त्यास खेळतां येत नसे. पुढें 1798 मध्यें जॉन वॉलिसनें अंकगणितही पटावर आणिलें. फांशांस जुगाराची दुष्कीर्ति चिकटलेली असल्यामुळें सभ्य घरांत त्यांऐवजीं आंकडे घातलेली भिंगरी फिरवीत.

व्याकरणास खेळाचें रूप देण्यासाठीं झटली ती नॉर्फोक परगण्यांतील एलेनॉर फेन (1744–1813). तिला स्वतःचें मूल नव्हतें. 1785 च्या सुमारास तिनें शब्दलेखन, वाचन, व्याकरण व अंकगणित यांचीं मूलतत्त्वें शिकविणारीं खेळणीं योजिलीं, व तीं वापरावीं कशीं हें सांगणारें पुस्तक लिहिलें. नंतर लहानांसाठीं एक व मातांसाठीं एक, अशीं दोन व्याकरणेंही तिनें रचिलीं.

मातांसाठीं निराळें व्याकरण कां? त्या काळीं इंग्रजी व्याकरण लॅटिनच्या सांच्यांत घातलेलें असे, आणि लॅटिन शिकविणाऱ्या शाळांचीं दारें मुलींस बंद होतीं. जें स्वतःस कोणी शिकविलें नाहीं, तें मुलास शिकविण्याची पाळी आईवर येई. अशा आईस, मुलापुढें लाज न वाटतां त्याच्याबरोबरच शिकतां यावें, अशी सोय फेनबाईनें केली. आमच्या मतें तिच्या खेळण्यांचें खरें मोल येथें आहे.

खेळामुळें नियम सोपा होत नाहीं. क्रियापद न ओळखतांही जो डाव जिंकतां येतो, त्यांतून मूल फक्त सोंगटी हलविणें शिकेल. परंतु खेळांत चुकीचा धाक नसतो. आपल्या मोक्षपटावर साप गिळतो, सोंगटी खालीं घसरते, आणि मूल हंसत पुन्हां कवड्या उचलतें. व्याकरणांतील चूकही त्यास तशीच वाटली, तर पट मांडल्याचें सार्थक झालें.