थम्स अप विकल्यावर रमेश चौहानांनी काय केलं?

आपल्याकडे कुणी चालता धंदा मोठ्या कंपनीला विकला की चौकात दोनच वाक्यं ऐकू येतात. "बरं केलं, आता बसून खाईल." नाहीतर, "बापाने उभं केलं, पोराने विकलं." पैसे किती आले यावर आठवडाभर चर्चा चालते. पण व्यवहार झाल्यावर तो माणूस सकाळी उठून जातो कुठे, हे कुणी विचारत नाही. म्हणून आज मुंबईतला एक जुना व्यवहार सांगतो. सगळ्यांना थोडाफार माहीत आहे, पण बहुतेकांना अर्धाच.

पारलेची सुरुवात १९२९ ची, मोहनलाल चौहानांची. विलेपार्ल्यावरून नाव पडलं पारले. पुढे कुटुंबात वाटण्या झाल्या. बिस्किटं एकीकडे गेली, थंड पेयं दुसरीकडे. १९७७ मध्ये जनता सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले. परकीय चलन कायद्याखाली इथल्या कंपनीतला हिस्सा कमी करा, असा आग्रह झाला. कोका-कोला देश सोडून गेली. त्या रिकाम्या जागेत रमेश चौहानांनी थम्स अप आणलं. लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा हेही त्यांचंच. माझ्या वयाच्या लोकांना एसटी स्टँडवरची बर्फाची पेटी आणि त्यातली गोल्ड स्पॉटची बाटली आठवत असेल. सुट्टीत एखाद-दुसऱ्या वेळी मिळायची, तीही दोघांत एक.

मग जोरात चाललेला धंदा विकला कशासाठी? १९९० मध्ये पेप्सी बाजारात आली. १९९३ मध्ये कोका-कोला परतली. बाजारात चौहानांचंच वजन होतं, पण एक गोम होती. कंपनी अर्क द्यायची. साखर, पाणी, गॅस घालून बाटल्या भरायचे ते जागोजागचे बॉटलर, आणि त्यातले बहुतेक स्वतंत्र मालक होते. नाव चौहानांचं, पण बाटली भरणारं यंत्र दुसऱ्याचं. परदेशी कंपनीने नवी यंत्रं आणि भांडवल पुढे केलं की हे बॉटलर तिकडे जाणार, हे दिसत होतं. लढायचं तर कुणाच्या जिवावर? १९९३ मध्येच त्यांनी ही सगळी पेयं कोका-कोलाला विकली. किंमत सुमारे ६ कोटी डॉलर होती, असं तेव्हापासून छापून येतं. तेव्हाच्या दराने दोनशे कोटींच्या आतच.

लोकांना गोष्ट इथपर्यंत माहीत असते. खरी गोष्ट पुढे आहे.

चौहानांनी पन्नाशी ओलांडली होती. बसून खाण्याएवढे पैसे होते. पण हातात एक लहान वस्तू शिल्लक होती, बिस्लेरी. मूळ नाव इटालियन. १९६९ मध्ये त्यांनी ती चार लाखांत घेतली होती, आणि तेव्हा त्यांचा डोळा पाण्यापेक्षा सोड्यावर होता. पाणी विकत कोण घेणार? ज्या देशात वाटसरूला पाणी पाजणं पुण्याचं काम, तिथे हा विनोदच वाटायचा. थम्स अप गेल्यावर त्यांनी सगळी ताकद याच पाण्यात घातली. पुढे काय झालं ते आपण रोज बघतो. आज स्टँडवर माणूस कुठल्याही कंपनीची बाटली मागताना "एक बिस्लेरी द्या" म्हणतो. त्या रिकाम्या बाटल्या आपल्या ओढ्या-नाल्यांत अडकतात, तोही याच इतिहासाचा भाग.

आता विकलेल्या मालाचं काय झालं ते बघा. नव्या मालकाला आपलं कोकच पुढे आणायचं होतं, थम्स अप मागे पडलं. पेप्सीला टक्कर द्यायला तेच लागतं हे कळल्यावर पुन्हा जोर लावला. २०२१ मध्ये थम्स अपची विक्री १ अब्ज डॉलरवर गेल्याचं कंपनीने जाहीर केलं. गोल्ड स्पॉट मात्र बाजारातून गेलं. यातल्या कशातही चौहानांना विचारायचं कारण नव्हतं. 'माझा' नावाच्या तुर्कस्तानातल्या हक्कावरून तर पुढे वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. विक्रीला पंधरा वर्षं झाली होती तेव्हा!

आणि २०२२ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, बिस्लेरी विकायची वेळ आली. टाटांशी बोलणी झाली. लेकीला धंद्यात फार रस नाही, आणि पैशापेक्षा कंपनी नीट सांभाळणारा हवा, असं ते तेव्हा म्हणाले. मार्च २०२३ मध्ये टाटांनी बोलणी थांबल्याचं जाहीर केलं आणि लेक जयंतीच पुढे आल्या. एकदा विकून बघितलेला माणूस दुसऱ्या वेळी आकड्याआधी घेणारा कोण ते बघतो, असं मला यात दिसतं.

दुसरा रस्ताही असतो. १९३१ पासूनची दांडेकरांची कॅमलिन. २०११ मध्ये बहुसंख्य हिस्सा जपानच्या कोकुयोकडे गेला, पण दांडेकर अध्यक्षपदावर राहिले आणि कंपनीच्या नावात कॅमलिनही राहिलं. मालकी गेली, रोजचं काम राहिलं.

आपल्या तालुक्यात उद्या कुणाच्या दारात मोठी कंपनी आली, तर माझं म्हणणं एवढंच. किंमत ठरवायला सीए आहेच. पण नाव कायमचं देताय का, तोच धंदा पुन्हा करायला किती वर्षं बंदी आहे, जुन्या कामगारांचं आणि माल घालणाऱ्यांचं करारात काय लिहिलंय, हे सहीआधी वाचा. आणि जमलं तर एखादी लहान वस्तू स्वतःकडे ठेवा. चौहानांकडे ती होती म्हणून त्यांना सकाळी उठून जायला जागा होती.

तुमच्या ओळखीत कुणी असा धंदा विकला असेल, तर ते आज काय करतात? नाव नका लिहू, अनुभव जरूर लिहा.