वैमानिकाचा हात आणि सेकंदाचा शंभरावा भाग

डोळ्याने टिपलेले हातापर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि तो वेळ मोजता येतो, ही कल्पना विमानापेक्षा शंभर वर्षांहून अधिक जुनी असून तिचा उगम वेधशाळेत आहे. ग्रिनिचचे राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन यांनी १७९६ साली डेव्हिड किनब्रुक या आपल्या साहाय्यकाला कामावरून दूर केले, कारण दुर्बिणीतील उभ्या धाग्यावरून तारा सरकल्याची त्याची नोंद मॅस्केलिन यांच्या नोंदीपेक्षा सुमारे ०.८ सेकंदाने उशिरा पडू लागली होती. असा फरक निष्काळजीपणातूनच येतो असे नाही, दोन निष्णात निरीक्षकांमध्येही तो आढळतो, हे पुढे कोनिग्सबर्गचे खगोलज्ञ बेसेल यांनी दाखवले, आणि त्याला ‘वैयक्तिक समीकरण’ हे नाव पडले. किनब्रुकची नोकरी मात्र तोवर गेलेलीच होती. १८६८ मध्ये उत्रेख्तच्या डोंडर्स यांनी आणखी एक पायरी चढून, एका खुणेला एकच ठरलेला प्रतिसाद देण्याचा वेळ आणि अनेक खुणांतून निवड करून प्रतिसाद देण्याचा वेळ यांची वजाबाकी केली व निवडीलाच किती वेळ लागतो याचा अंदाज बांधला. ‘साधी प्रतिक्रिया’ आणि ‘निवडीची प्रतिक्रिया’ हा भेद पुढील सगळ्या इतिहासात कळीचा ठरणार होता, पण पहिल्या महायुद्धात वैमानिक निवडायची वेळ आली तेव्हा त्याचा काहीसा विसर पडलेला दिसतो.

त्या युद्धात फ्रान्समध्ये झां काम्यू आणि आंरी नेपेर या दोघांनी हवाई दलाच्या उमेदवारांवर केलेल्या चाचण्या सर्वाधिक गाजल्या. त्यांचे मुख्य साधन म्हणजे दार्सोन्वाल यांचे कालमापक. या यंत्राच्या तबकडीचे १०० भाग केलेले असत आणि तिच्यावरून फिरणारा काटा सेकंदाला एक फेरा पुरा करी, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग नुसत्या नजरेने वाचता येई. परीक्षकाने खूण करताच काटा सुटायचा आणि उमेदवाराने हातातील कळ दाबताच थांबायचा. खूण कधी दिसण्याची, कधी ऐकण्याची, तर कधी स्पर्शाची असे. याच्या जोडीला मनाची स्थिरता पाहण्यासाठी उमेदवाराच्या नकळत पिस्तुलाचा बार काढीत, मॅग्नेशियमचा लखलखाट करीत किंवा त्याच्या अंगावर गार ओले फडके टाकीत, आणि त्याचा श्वास, नाडी व हाताचा कंप फिरत्या नळकांड्यावर रेघांच्या रूपाने उमटवून घेत. इटलीत फ्रान्सिस्कन संन्यासी व मानसशास्त्रज्ञ आगोस्तिनो जेमेल्ली यांनीही याच दिशेने काम केले. तत्कालीन नियतकालिकांना हे दृश्य फार आवडले, आणि ‘चांगला वैमानिक म्हणजे ज्याचा हात सर्वांत जलद चालतो तो’ ही समजूत बहुधा अशाच चित्रांनी लोकांच्या मनात पक्की केली असावी.

साधा हिशेब मांडला तर ही समजूत डळमळते. प्रकाशाच्या खुणेला निरोगी माणसाचा साधा प्रतिसाद सुमारे एक पंचमांश सेकंदात येतो, आवाजाला त्याहून थोडा लवकर. ताशी १६० किलोमीटर वेगाचे विमान तेवढ्या वेळात सुमारे ९ मीटर पुढे जाते, आणि चपळ व मंद उमेदवारांत सेकंदाच्या विसाव्या भागाचा फरक धरला तरी तो दोन मीटरांच्या थोडा पुढे जातो. जमिनीकडे चुकीच्या कोनातून येणाऱ्या विमानाला हे दोन मीटर क्वचितच वाचवतात. आपला कोन चुकला आहे हे दहा सेकंद आधी ओळखणारा माणूस त्याला वाचवतो. अमेरिकेत युद्धकाळातच झालेल्या तपासण्यांत साध्या प्रतिक्रियाकाळाचा उड्डाणातील यशाशी फारच क्षीण संबंध आढळला, त्यामागचे कारण हेच असावे.

म्हणून पुढच्या पिढीची यंत्रे हाताच्या वेगाऐवजी हात, पाय आणि डोळे यांच्या मेळाकडे वळली. १९२२ मध्ये आयोवा विद्यापीठातून पुढे आलेल्या कोर्थच्या ‘रोटरी पर्स्यूट’ या साधनात ग्रामोफोनसारख्या फिरत्या चकतीवर धातूचा एक लहानसा ठिपका असे आणि हातातील सळईचे टोक त्याच्यावर टिकवून धरावे लागे. टोक जितका काळ ठिपक्याला चिकटून राही तितका काळ विजेचे मंडल पुरे होई व तोच गुण मोजला जाई. १९३०च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या वैमानिकी वैद्यकशाळेतील नीली मॅशबर्न यांनी त्याहून गुंतागुंतीचे यंत्र बनवले. उमेदवारापुढे दिव्यांच्या तीन रांगा असत. दांडा डावीउजवीकडे हलवून एका रांगेतला, पुढेमागे हलवून दुसरीतला आणि पायपट्टी दाबून तिसरीतला हिरवा दिवा तिथल्या लाल दिव्याशी जुळवायचा. तिन्ही एकाच वेळी जुळले की यंत्र आपोआप नवी मांडणी समोर टाकी, आणि ठरलेल्या वेळात किती मांडण्या सुटल्या हे मोजले जाई. येथे एक अवयव घाईने पुढे गेला तर बाकीच्यांचे जुळलेले बिघडते, त्यामुळे नुसत्या चपळाईचा उपयोग मर्यादितच राही.

दुसऱ्या महायुद्धात जॉन फ्लॅनगन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी हवाई दलाने ही यंत्रे व लेखी परीक्षा एकत्र करून एक ते नऊ असा एकच गुणांक काढला. १९४३ मध्ये सुमारे एक हजार उमेदवारांना गुण न पाहता प्रशिक्षणात पाठवण्याचे धाडसही दलाने केले, कारण नापास होणाऱ्यांना वगळूनच परीक्षा घेतली तर ती खरी की खोटी हे कधीच कळत नाही. एकूण आकडे बोलके होते: प्राथमिक प्रशिक्षणातून नऊ गुणांकाचे सुमारे ४ टक्केच गळाले, एक गुणांकाचे सुमारे ७७ टक्के.

याच काळात केंब्रिजमध्ये मात्र मुळातच वेगळा प्रश्न विचारला गेला. फ्रेडरिक बार्टलेट यांच्या प्रयोगशाळेत केनेथ क्रेक यांनी स्पिटफायर विमानाच्या कॉकपिटचा वापर करून, चालकाच्या प्रत्येक हालचालीला उपकरणांचे काटे उत्तर देतील अशी रचना उभी केली. हेतू होता थकवा मोजण्याचा. दोन-दोन तास ‘उडणाऱ्या’ वैमानिकांचा प्रतिसाद मंदावेल अशी अपेक्षा होती, पण स्नायू आणि वेग बऱ्यापैकी शाबूत राहिले व बिघाड झाला तो मेळाचा. योग्य कृती चुकीच्या क्षणी होऊ लागली, इंधनाच्या मापकासारखी कडेची उपकरणे नजरेतून सुटू लागली, आणि किती चूक खपवून घ्यायची याची चालकाची स्वतःची मर्यादा त्याच्या नकळत सैल होत गेली. आपण पूर्वीसारखेच, किंबहुना अधिक चांगले उडवतो आहोत असे त्याला वाटे, आणि बिघाडाचा दोष तो यंत्राला देई. कालमापकावर हा माणूस बहुधा उत्तीर्णच झाला असता.

मोजण्याच्या या धाग्याशेजारी शिकवण्याचाही एक धागा चालत होता. १९१० च्या सुमारास फ्रान्समधील आंत्वानेत कंपनीच्या शाळेत पिंपाच्या दोन अर्ध्या भागांवर बसवलेल्या आसनात शिकाऊ चालक बसे, मदतनीस ते पिंप हाताने डोलवीत आणि तो चाके फिरवून समोरची दांडी क्षितिजाशी समांतर ठेवी. १९२९ मध्ये एडविन लिंक यांनी वडिलांच्या बाजाच्या कारखान्यातले भाते वापरून डोलणारी पेटी बनवली. तिला गंभीर गिऱ्हाईक मिळाले ते १९३४ मध्ये, टपाल वाहून नेताना अमेरिकी लष्करी वैमानिकांचे अंधारात व ढगांत बळी गेल्यानंतर. या पेटीत बसून वैमानिक शिकला तो मुख्यतः शरीराला वाटणाऱ्या झुकावापेक्षा काट्यावर विश्वास ठेवणे, म्हणजे एका अर्थी आपला उपजत प्रतिसाद आवरणे.

हैफा येथील डॅनिएल गोफर व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोगही याच बाजूला बोट दाखवतो. इस्रायली हवाई दलाच्या शिकाऊ वैमानिकांनी ‘स्पेस फोर्ट्रेस’ हा संगणकीय खेळ सुमारे दहा तास खेळल्यावर त्यांचे प्रत्यक्ष उड्डाणातले गुण न खेळलेल्यांपेक्षा वरचढ ठरले. तो खेळ विमानासारखा दिसतही नव्हता. संशोधकांनी लाभाचे श्रेय दिले ते अनेक गोष्टींत लक्ष वाटून घेण्याच्या सवयीला.

निवडीची पद्धत मात्र दुसऱ्याच गृहीतकावर उभी राहिली. जागोजागी विखुरलेल्या केंद्रांतील यंत्रे एकसारखी चालत ठेवणे अवघड झाल्याने अमेरिकी हवाई दलाने १९५५ मध्ये ती मोडीत काढली आणि संगणक आल्यावर १९९३ मध्ये नव्या रूपात परत आणली. भारतीय हवाई दलाच्या निवड मंडळांत दीर्घकाळ चाललेल्या ‘पायलट अ‍ॅप्टिट्यूड बॅटरी टेस्ट’मध्ये लेखी भागाबरोबर दांडा आणि पायपट्ट्यांनी पडद्यावरचा प्रकाशबिंदू आवरण्याचे, तसेच फिरत्या नळकांड्यावरील ठिपके टिपण्याचे यंत्र होते, आता तिची जागा संगणकीय प्रणालीने घेतली आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून उड्डाण शाखेत जाऊ इच्छिणाऱ्यालाही ही चाचणी चुकत नाही. ती आयुष्यात एकदाच देता येते आणि तिच्यात अनुत्तीर्ण झालेल्याला उड्डाण शाखेचे दार कायमचे बंद होते, कारण सरावाने गुण वाढतात हे परीक्षा घेणाऱ्यांना ठाऊक आहे आणि त्यांना सरावापूर्वीचा हात पाहायचा असतो. उत्तीर्ण झालेल्याला मात्र पुढे सिम्युलेटरमध्ये बसवतात आणि तोच हात पुन्हा पुन्हा सराव करून घडवतात.