सर्बिटनचे लोहारकाम

दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात, तेव्हा त्यांना कोणी सामान आणून देत नाही. फुटक्या विटा, जुने गोणपाट, विहिरीकडची माती, जे हाताशी येईल त्यावर बालेकिल्ला उभा राहतो. मोठ्यांच्या जगातही पुष्कळ गोष्टी अशाच उभ्या राहिल्या आहेत. पण त्यांचा इतिहास लिहिताना आपण निशाणाकडे पाहतो, विटांकडे पाहत नाही. मला स्वतःला मोटारींच्या शर्यतीपेक्षा त्या मोटारी घडवणाऱ्या हातांचे कुतूहल अधिक. म्हणून आज शर्यतींच्या इतिहासातली एका गॅरेजची हकीकत सांगतो.

साल १९४६. महायुद्ध संपले होते, पण इंग्लंडात पेट्रोल अजून मापूनच मिळत होते. शर्यतीची मोटार म्हणजे श्रीमंतांचा शौक. तेव्हा काही हौशी मंडळींनी तोड काढली, की मोटारसायकलीचे ५०० सीसीचे इंजिन बसवून छोट्या मोटारी करायच्या आणि त्यांच्याच शर्यती लावायच्या. लंडनच्या नैर्ऋत्येस सर्बिटन येथे चार्ल्स कूपर यांचे गॅरेज होते. त्यांचा तेवीस वर्षांचा मुलगा जॉन आणि त्याचा मित्र एरिक ब्रँडन यांनी या खेळात उडी घेतली. पैसा बेताचा, मग नवे घडवण्याऐवजी जुने जोडायचे ठरले. फियाटची ‘तोपोलिनो’ नावाची चिमुकली मोटार होती. इटालियन भाषेत तोपोलिनो म्हणजे छोटा उंदीर. अशा दोन मोटारींची पुढची धडे कापून त्यांनी पाठीला पाठ लावून जोडली. दोन्ही टोकांना पुढचाच भाग, अशी ही अजब गाडी!

यात काय साधले, ते समजायला आपली बैलगाडी पुरे. तिची दोन्ही चाके एकाच आखावर असतात. एक चाक खड्ड्यात गेले, की दुसरेही कलते आणि साटीवरचा माणूस हेलपाटतो. त्या काळच्या बहुतेक मोटारींचा मागचा आसही असाच एकसंध असे. तोपोलिनोच्या पुढच्या चाकांची तऱ्हा मात्र निराळी होती. खाली प्रत्येक चाकाला स्वतंत्र त्रिकोणी हात आणि वर दोन्ही चाकांमध्ये आडवा टाकलेला पोलादी पाटा. त्यामुळे एक चाक उचलले तरी दुसरे आपले रस्त्याला धरून राही. कूपरांनी हीच रचना मागेही लावली आणि मागच्या चाकांची वळण्याची मोकळीक तेवढी काढून घेतली. पुढे हा आडवा पाटा कूपरांच्या गाड्यांची ओळखच होऊन बसला.

आता इंजिन कुठे ठेवायचे? मोटारसायकलीचे इंजिन चाकाला साखळीने जोडलेले असते. ते पुढे ठेवले तर साखळी चालकाच्या अंगाखालून मागे न्यावी लागणार. त्यापेक्षा ते चालकाच्या पाठीमागेच ठेवणे सोयीचे. एवढा साधा हिशेब होता. यात आपण काही क्रांती करीत आहोत असे त्या दोघांच्या मनातही नव्हते. पाठीमागे इंजिन ही कल्पना जगाला अगदी नवी होती असेही नाही. जर्मनीत फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनसाठी तशा बलाढ्य गाड्या १९३०नंतरच्या दशकात केल्याच होत्या. पण त्यांना आवरणे भल्याभल्या चालकांना जड जाई, आणि युद्धानंतर तो विचार मागे पडला होता.

तो फळाला का आला? एका काठीच्या दोन टोकांना दोन दगड बांधा आणि काठी मधोमध धरून फिरवून पाहा. मग तेच दगड मुठीजवळ बांधा. वजन तेवढेच, पण काठी किती चटकन वळते! चालक, इंजिन आणि टाकी जितकी मध्याजवळ येतील, तितकी मोटार वळणावर चपळ होते. शिवाय चालकाखालून दांडा जात नसल्याने तो खाली बसतो आणि वाऱ्याला अडथळा कमी होतो.

१९ जानेवारी १९५८ रोजी अर्जेंटिनाच्या ग्रां प्री शर्यतीत हा हिशेब जगाला दिसला. स्टर्लिंग मॉस जेमतेम दोन लिटरची कूपर घेऊन फेरारींच्या जास्त ताकदीच्या गाड्यांसमोर उतरले. टायर बदलायला आपल्याला थांबावेच लागणार, असा प्रतिस्पर्ध्यांचा समज त्यांनी होऊ दिला. प्रत्यक्षात ते थांबलेच नाहीत. टायर झिजून आतले कापड दिसू लागले होते, पण ते जिंकले. घोड्याने गाडी ओढायची असते, ढकलायची नसते, अशा अर्थाचे उद्गार एन्झो फेरारी यांच्या नावावर सांगतात. इथे मात्र ढकलणारा घोडा पुढे गेला!

कूपरांच्या चौकटी ओवेन मॅडॉक आखीत. त्यांच्या नळ्यांना बाक असे. पंडितांना हे रुचत नसे, कारण सरळ नळ्यांचे त्रिकोण जोडले तर चौकट ताठ राहते आणि वाकडी नळी दाबाखाली आणखी वाकते. पण कूपरांच्या नळ्या दुरुस्तीला सोप्या होत्या आणि गाड्या जिंकत होत्या. १९५९च्या डिसेंबरात अमेरिकेत सेब्रिंगच्या मैदानावर शेवटच्या फेरीत जॅक ब्रॅबहॅम यांचे पेट्रोल संपले. ते उतरले, स्वतः गाडी ढकलीत रेषेपार गेले, चौथे आले आणि जगज्जेते ठरले. पुढच्या वर्षी लोटसची नवी गाडी वेगवान निघाल्याचे पाहून कूपरांनी आडवा पाटा सोडला, चारी चाकांना गुंडाळी स्प्रिंगा दिल्या, गाडी आणखी खाली बसवली. आणि ब्रॅबहॅम यांनी ओळीने पाच ग्रां प्री जिंकून पुन्हा अजिंक्यपद मिळवले.

पण या हलकेपणाची किंमत माणसांनी मोजली आहे, हे सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही. जून १९६०मध्ये बेल्जियममध्ये स्पा येथे सरावात मॉस यांच्या लोटसचे मागचे चाक निखळले आणि त्यांचे दोन्ही पाय मोडले. त्याच शर्यतीत ख्रिस ब्रिस्टो आणि ॲलन स्टेसी हे दोन तरुण चालक प्राणास मुकले. ते दोन मृत्यू सुटे भाग मोडून झाले नव्हते. पण इतक्या वेगाने धावणाऱ्या त्या पातळ सांगाड्यात माणसाला आडोसा असा नव्हताच. नळीची जाडी ठरवताना कारागीर केवळ वजन तोलत नसतो. दुसऱ्याचा जीव त्याच्या हाती असतो. माझ्या मते या धंद्यातला खरा कस इथे लागतो.

या कथेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंतही येतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात फियाटच्या गाड्या जोडायला घेतल्या, तेव्हा आरंभीच्या गाड्यांत हीच तोपोलिनो होती. सर्बिटनला जी मोडून शर्यत जिंकली, तीच आपल्याकडे जोडून कुटुंबे फिरली.

पुढे मोठ्या कंपन्यांचा पैसा या खेळात आला आणि १९६९पर्यंत कूपरांचा संघ ग्रां प्रीतून बाहेर पडला. चार्ल्स १९६४मध्ये गेले, जॉन २०००मध्ये. त्यांचे नाव ‘मिनी कूपर’ मोटारीवर राहिले. परंतु खरे स्मारक निराळेच आहे. आज ग्रां प्रीच्या मैदानात उतरणाऱ्या एकूण एका मोटारीचे इंजिन चालकाच्या पाठीमागे असते. साखळी लांब नको, एवढ्याच काटकसरीतून निघालेली वाट होती ती. आज तिच्यावरून सारेच धावतात.