किल्ल्या कोणाच्या कमरेला?



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बखरी, सनदा आणि शकावल्या उभ्या राहतात. आज मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे तो जेमतेम अर्ध्या शतकाचा आहे आणि त्यात एकही लढाई नाही. संगणकाचे मोठमोठे प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींनी आपल्या लिखाणाची दप्तरे कोणत्या साधनात ठेवावीत, एवढाच त्याचा विषय. विषय कारकुनी वाटेल खरा; परंतु या कारकुनी प्रश्नावरून जगातल्या एका अत्यंत गुणी मंडळीत फूट पडण्याची वेळ आली होती.

प्रथम अडचण काय ती समजून घेऊ. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरत गेल्या, पाठ बिघडले, आणि शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांना पाठशुद्धीसाठी बसावे लागले. प्रत करणारे अनेक, पाठभेद अनेक आणि कोणता फरक कोणी, केव्हा, कशासाठी केला याची नोंद कोठेच नाही. मोठ्या प्रोग्रामचे हेच होते, मात्र तीन शतकांत नव्हे, तीन दिवसांत. शंभर माणसे लाखो ओळींच्या एकाच संहितेवर हात चालवीत असतात. काल चालणारे आज चालत नाही. मग काल काय होते, हे कोण सांगणार?

याचे पहिले व्यवस्थित उत्तर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली दिले. त्यांच्या एससीसीएस या साधनाने प्रत्येक आवृत्ती सबंध न साठवता आवृत्त्यांमधले फरक तेवढे साठवले. १९८२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांनी आरसीएस रचले. त्यात त्यांनी एक व्यवहारी युक्ती केली: ताजी प्रत सबंध ठेवायची आणि जुन्या प्रती तिच्यापासून मागे मागे जात काढायच्या; कारण माणसे बहुधा ताजीच मागतात. या दोन्ही साधनांत एक कुलूप असे. एकाने फाइल बदलण्यासाठी घेतली की ती इतरांना बंद. घेणारा रजेवर गेला तर बाकीच्यांनी हात चोळीत बसावे. ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक डिक ग्रुने आणि त्यांचे दोन विद्यार्थी मिळून एक काम करीत होते, पण तिघांच्या वेळा जमत नव्हत्या. त्यांनी १९८६ मध्ये सीव्हीएसची पहिली मांडणी केली आणि कुलूपच काढून टाकले. सर्वांनी आपापल्या प्रतीत बदल करावा आणि शेवटी ते जुळवून घ्यावेत, अशी ती पद्धत. मोठ्या कंपन्यांसाठी पुढे क्लिअरकेस, परफोर्स अशी भारदस्त आणि महागडी साधने निघाली. त्यांच्या गुणदोषांत शिरत नाही. माझ्या विषयाच्या दृष्टीने एवढेच ध्यानात ठेवावे की, या बहुतेक व्यवस्थांत साऱ्या इतिहासाचे दप्तर एका मध्यवर्ती यंत्रावर असे आणि काम करणाऱ्याच्या हाती चालू प्रत तेवढी पडे. किल्ल्या एकाच्याच कमरेला!

आता मुख्य प्रसंगाकडे वळतो. लिनस टॉरव्हल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा लिहावयास घेतला आणि जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. तथापि सीव्हीएससारखे साधन टॉरव्हल्ड्स यांनी कधी स्वीकारले नाही. लोक दुरुस्त्या टपालाने, म्हणजे ई-मेलने, पाठवीत. या दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणतात. आपल्याकडचे ठिगळ म्हणा ना. ही ठिगळे ते स्वतः वाचीत, पटले तर लावीत, न पटले तर सोडून देत. दहा वर्षे हा एकखांबी तंबू उभा राहिला, हेच नवल. १९९८ च्या सुमारास तो डळमळू लागला. पाठवलेली ठिगळे गहाळ होत, पाठवणारे पुनःपुन्हा पाठवीत आणि चिडत. एका माणसाला इतका भार पेलत नाही, हे लोक उघड बोलू लागले.

तेव्हा लॅरी मॅकव्हॉय नावाचे गृहस्थ पुढे आले. सन कंपनीत असताना त्यांनी अशाच एका साधनावर काम केले होते. आता स्वतःच्या बिटमूव्हर या कंपनीतर्फे ते बिटकीपर तयार करीत होते. त्याचे वैशिष्ट्य असे की, प्रत्येकाला केवळ चालू प्रत नव्हे, तर संबंध इतिहास आपल्या यंत्रावर घेता येई. मध्यवर्ती दप्तराची मिरासदारी संपली. फेब्रुवारी २००२ मध्ये टॉरव्हल्ड्स यांनी बिटकीपर वापरावयास आरंभ केला. लिनक्सच्या मंडळींना ते विनामूल्य मिळाले. मात्र त्यास अटी होत्या. साधनाची मूळ संहिता खुली नव्हती आणि फुकट वापरणाऱ्याने त्याच्या तोडीचे दुसरे साधन रचण्याच्या कामात पडू नये, असे बंधन होते.

येथे वादाला तोंड फुटले. मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांनी या निवडीवर कडक टीका केली. ज्या प्रोग्रामचा प्राणच त्याच्या खुलेपणात आहे, त्याचे दप्तर बंद पेटीत ठेवणे त्यांना विपरीत वाटले. टॉरव्हल्ड्स यांची भूमिका सरळ होती: कामाला जे उत्तम ते मी वापरतो, याच्या तोडीचे मुक्त साधन आणून दाखवा. मला विचाराल तर त्या घटकेला दोघेही खरे बोलत होते. बिटकीपरमुळे गाभ्याचे काम खरोखरच वेगाने चालू लागले, हे विरोधकांनाही नाकारता आले नसते. आणि स्टॉलमन यांनी दाखवलेला धोका काल्पनिक नव्हता. फक्त तो तीन वर्षे दडून राहिला.

मॅकव्हॉय यांना खलपुरुष ठरवण्याची चाल आहे. ती मला मान्य नाही. पोटापाण्याचा धंदा असलेली वस्तू त्यांनी फुकट दिली होती. ज्यांना हा परवाना नको होता, त्यांच्यासाठी त्यांनी इतिहासाचा एक उतारा सीव्हीएसच्या रूपात उपलब्ध करून दिला होता. मात्र त्या उताऱ्यात फांद्या फुटलेला इतिहास एका सरळ रेषेत बसवलेला होता. वंशावळीऐवजी नुसती नावांची यादी हाती द्यावी, तसा हा प्रकार. संपूर्ण वंशावळ पाहावयाची तर बिटकीपरच हवे. आपल्याच कामाचा इतिहास वाचण्यासाठी दुसऱ्याची अट मान्य करावयाची, हे काहींच्या मनाला खुपत राहिले.

सांबा या प्रसिद्ध प्रोग्रामचे कर्ते, ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ट्रिजेल, हे त्यांपैकी एक. बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलून इतिहास उतरवून घेईल असा लहानसा प्रोग्राम त्यांनी लिहिला. स्वतः बिटकीपर कधी वापरले नसल्याने त्याची अट आपल्यावर बंधनकारक नाही, असे त्यांचे म्हणणे. एप्रिल २००५ मध्ये कॅनबरा येथील परिषदेत त्यांनी हे कसे केले ते भर सभेत दाखवले. टेलनेट या साध्या साधनाने सर्व्हरशी जोडून घेतले आणि ‘हेल्प’ एवढा शब्द टंकला. सर्व्हरने आपल्या आज्ञांची यादी आपणहून पुढे केली! दार कसे उघडावे, असे दारालाच विचारावे आणि त्याने सांगावे, त्यातली गत. पण तोवर मॅकव्हॉय यांनी फुकट आवृत्ती काढून घेण्याचा निर्णय केला होता. टॉरव्हल्ड्स यांनी मॅकव्हॉय यांना नव्हे, तर ट्रिजेल यांनाच जाहीरपणे बोल लावला. परंतु त्या दोषारोपाने गाडी पुढे जाणार नव्हती. साधन गेले, ही वस्तुस्थिती होती.

पुन्हा निवड आली. उपलब्ध साधने टॉरव्हल्ड्स यांनी तपासली. त्यांची कसोटी अशी की, एक ठिगळ लावण्यास तीन सेकंदांहून अधिक वेळ लागता कामा नये. कारण एका बैठकीत अडीचशे ठिगळे लावावी लागतील. मुक्त साधनांपैकी एकही तिला उतरले नाही. तेव्हा ३ एप्रिल २००५ रोजी त्यांनी स्वतःच लिहावयास घेतले आणि ७ एप्रिलला नवे साधन स्वतःचेच दप्तर सांभाळू लागले. त्याचे नाव गिट. महिना संपता संपता ते सेकंदाला सहाहून अधिक ठिगळे लावीत होते. जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती गिटच्या आधारे बाहेर पडली. जुलैत त्यांनी गिटचा कारभार जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवला. त्याच एप्रिलमध्ये याच निकडीतून मॅट मॅकॉल यांनी मर्क्युरियल हे दुसरे साधन सुरू केले, हेही सांगितले पाहिजे.

गिटच्या रचनेत प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून काढलेला एक ठसा असतो आणि त्या मजकुरात आधीच्या नोंदीचाही ठसा आलेला असतो. म्हणून मागची एक नोंद कोणी गुपचूप बदलली तर पुढचे सारे ठसे बदलतात आणि चोरी उघडी पडते. प्रत्येकाच्या घरी संबंध दप्तर, आणि ते अस्सल आहे की नाही हे पाहण्याचे साधनही प्रत्येकाच्याच घरी!

किंमत मात्र चुकवावी लागली. १६ एप्रिलला लिनक्सचा गाभा गिटमध्ये दाखल केला तेव्हा टॉरव्हल्ड्स यांनी मागचा इतिहास सोबत घेतला नाही. गिटमध्ये आणला असता तो सुमारे ३.२ गिगाबाइट झाला असता आणि साधन अजून पाळण्यात होते. त्यामुळे गाभ्याच्या मुख्य दप्तरात कोणत्याही जुन्या ओळीचा माग काढीत गेलात तर त्या तारखेपाशी भिंत लागते. बिटकीपरच्या काळातील इतिहास पुढे इतरांनी वेगळ्या भांडारात उभा केला. तो मुद्दाम जोडून घ्यावा लागतो. बिटकीपरची संहिता मे २०१६ मध्ये खुली झाली, तेव्हा तिची निकड कोणाला उरली नव्हती.

मोठ्या कंपन्यांनी यातून काय घेतले? फेसबुकने २०१४ मध्ये आपण मर्क्युरियल का निवडले हे जाहीर केले. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोजची सुमारे ३५ लाख फायलींची, ३०० गिगाबाइटांची संहिता गिटमध्ये आणली आणि त्यासाठी गिटला खास जोडसाधन रचावे लागले. परंतु बहुतेकांनी वेगळी वाट धरली. २००८ साली सुरू झालेल्या गिटहबसारख्या घरी आपली भांडारे ठेवायला त्यांनी आरंभ केला. घरोघरी असलेले दप्तर सोयीसाठी पुन्हा एका वाड्यात आले. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब साडेसात अब्ज डॉलरांना घेण्याचे जाहीर केले, तेव्हा काही मंडळींनी बिऱ्हाड उचलले. प्रोग्रामचा इतिहास एका आज्ञेसरशी त्यांच्याबरोबर गेला. पण त्याभोवतीच्या तक्रारी, चर्चा, कोणता बदल का नाकारला त्याची कारणे, हे सारे गिटच्या प्रतीत नव्हतेच; ते वाड्याच्या मालकाच्या कपाटात होते आणि बाहेर काढण्यासाठी निराळी साधने वापरावी लागली.