युरोपचे डोळे

'युरोव्हिजन' हा शब्द 'युरोपियन युनियन'हून चाळीसएक वर्षांनी थोरला. १९५१ साली लंडनच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये जॉर्ज कॅम्पी या पत्रकाराने तो वापरला. निमित्त होते बीबीसीचा एक कार्यक्रम डच दूरचित्रवाणीने दाखवल्याचे. जून १९५४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्र्यूचा फुलांचा उत्सव अनेक देशांत एकाच वेळी दिसला, तो याच नावाच्या जाळ्यातून. १९५६ साली लुगानोला सात देशांची गाण्यांची स्पर्धा झाली. सामायिक बाजारपेठ जन्माला घालणारा रोमचा तह मात्र १९५७चा. म्हणजे युरोप एकत्र बाजाराला निघाला त्याच्या आधीच एकत्र टीव्हीसमोर बसला होता, आणि त्या बैठकीचे बारसे एका बातमीदाराने केले होते.

पुढेही असेच होत राहिले. तहनाम्यांतले शब्द तहनाम्यांत राहिले. लोकांच्या तोंडी बसले ते वर्तमानपत्रांतले. हे शब्द एकेक करून उलगडले की युरोपच्या एकीची गोष्ट अधिकृत इतिहासापेक्षा वेगळी दिसते.

आधी मूळ नाव. ग्रीक 'एउरोपे'ची फोड साधारणपणे अशी करतात : 'एउरुस' म्हणजे रुंद आणि 'ऑप्स' म्हणजे डोळा किंवा चेहरा. सूर्यास्त सांगणाऱ्या एका सेमिटिक शब्दाशी नाते जोडणारेही आहेत, तेव्हा वाद मिटलेला नाही. पण पहिली फोड मराठी वाचकाला परकी वाटू नये. 'एउरुस' हा संस्कृत 'उरु'चा भाऊबंद. विस्तीर्ण म्हणूनच पृथ्वीला 'उर्वी' म्हणतात. 'ऑप्स' हा 'अक्षि'च्या कुळातला. युरोपा म्हणजे विशालाक्षीच म्हणा ना! कॅम्पीने 'युरो'पुढे 'व्हिजन' जोडले तेव्हा त्याने नकळत ग्रीक डोळा काढून त्या जागी लॅटिन दृष्टी बसवली.

'युरोपीय' हे लोकांचे नाव कधीचे? ७५४ सालापर्यंतच्या घटना सांगणारी एक लॅटिन बखर स्पेनमध्ये लिहिली गेली. तिच्यात मुस्लिम सैन्याविरुद्धच्या ७३२च्या लढाईत फ्रँक सेनानी चार्ल्स मार्टेलच्या बाजूने लढलेल्यांना 'एउरोपेन्सेस' म्हटले आहे. लेखक ख्रिस्ती होता, पण मुस्लिम राजवटीखालच्या स्पेनमध्ये राहणारा. हे नाव त्या सैनिकांनी स्वतःला घेतलेले नव्हते, दुरून पाहणाऱ्याने दिलेले होते. आपल्याकडे 'बखर' हा शब्द 'खबर'ची अक्षरे उलटून झाला असे काही अभ्यासक मानतात. ते खरे असेल, तर युरोपीयांना त्यांचे नाव एका खबर देणाऱ्याने दिले असे म्हणायला हरकत नाही.

'युरो-' हा उपसर्ग आरंभी उत्साहाचा होता. साठच्या दशकात त्याला आंबट चव येऊ लागली. 'ब्यूरोक्रॅट'च्या धर्तीवर इंग्रजी पत्रकारितेने 'युरोक्रॅट' केला. नवल असे, की आल्तिएरो स्पिनेल्ली या कट्टर एकीकरणवाद्यानेच १९६६ साली आपल्या पुस्तकाला 'द युरोक्रॅट्स' हे नाव दिले. टोमणा हळूहळू पदनाम झाला. १९८५ मध्ये हर्बर्ट गीर्श या जर्मन अर्थतज्ज्ञाने मंदावलेल्या अर्थव्यवस्थेला 'युरोस्क्लेरोसिस' हे रोगाचे नाव दिले आणि वृत्तपत्रांनी ते लगेच उचलले.

मग आला 'युरोस्केप्टिक'. सप्टेंबर १९८८ मध्ये ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी ब्रूझ इथे केलेल्या एकीकरणावर टीका करणाऱ्या भाषणानंतर ब्रिटिश पत्रांत तो रोजचा झाला. मराठीत त्याचे 'युरोपविरोधक' करतात, ते ढोबळ आहे. ग्रीक 'स्केप्टिकोस' म्हणजे निरखून पाहणारा. संस्कृत 'पश्यति' आणि हेर या अर्थाचा 'स्पश' यांच्याशी त्याचे नाते सांगतात. म्हणजे पुन्हा डोळाच! मूळ अर्थाने जायचे तर युरोपकडे नीट पाहून मग मत देणारा तो युरोस्केप्टिक. प्रत्यक्षात न पाहता मत देणाऱ्यांनाही हे बिरुद मिळाले, हा शब्दाचा दोष नव्हे.

न पाहता लिहिण्याचे ठिकाण म्हणजे 'ब्रुसेल्स'. युनियनचा कारभार जिथून चालतो त्या या गावाचे जुने नाव 'ब्रुओक्सेला', म्हणजे दलदलीतले घर. आपल्याकडे जसे 'दिल्लीश्वर' म्हटले की नेमके कोण हे सांगावे लागत नाही, तसे ब्रिटिश पत्रांत 'ब्रुसेल्सने ठरवले' म्हटले की कोणी, कोणत्या कायद्याने, कोणाच्या मताने हे सगळे त्या दलदलीत बुडून जाई. १९८९ ते १९९४ या काळात 'डेली टेलिग्राफ'चे ब्रुसेल्स प्रतिनिधी होते बोरिस जॉन्सन. तिथल्या कारभाराची टर उडवणाऱ्या बातम्यांची एक शैलीच त्यांनी रूढ केली. १९९४च्या केळ्यांविषयीच्या नियमात 'अवाजवी बाक नसावा' असे कलम होते. तेवढ्यावरून 'वाकड्या केळ्यांवर बंदी' ही बातमी घडली आणि पुढे कित्येक वर्षे पिकत राहिली. दुसऱ्या प्रतीच्या केळ्याला आकारातले दोष माफ होते, हे तिच्यात येत नसे. अशा बातम्यांसाठी 'युरोमिथ' हा आणखी एक शब्द निपजला.

सर्वांत विखारी शब्द मात्र जर्मनीतला. २०१० मध्ये ग्रीसचे कर्जसंकट चिघळले तेव्हा 'बिल्ट' या दैनिकाने 'प्लाइट-ग्रीशेन', म्हणजे 'दिवाळखोर ग्रीक', हा जोडशब्द मथळ्यात चालवला आणि त्यांना बेटे विकून टाकण्याचा सल्ला दिला. 'प्लाइट' हा शब्द जर्मनमध्ये यिडिशमधून आला आणि यिडिशमध्ये हिब्रूतून. हिब्रूत त्याचा अर्थ निसटणे, जीव वाचवून पळणे. सावकारांना चुकवून पळणारा कर्जदार त्यातून आला, आणि त्याच्यामागून दिवाळे. एका युरोपीय लोकसमूहाला हिणवण्यासाठी ज्यूंच्या भाषेतला पलायनाचा शब्द जर्मन मथळ्यात यावा, यातला इतिहास मथळा लिहिणाऱ्याला जाणवला नसावा.

'एक्झिट' तर थेट रंगभूमीवरचा. लॅटिनमध्ये ते पूर्ण वाक्य आहे : 'तो बाहेर जातो'. त्यातले 'इट' आणि संस्कृत 'एति' एकाच धातूचे. फेब्रुवारी २०१२ मध्ये सिटीग्रुपच्या दोन अर्थतज्ज्ञांनी 'ग्रेक्झिट' वापरला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पीटर वाइल्डिंग यांनी त्याच साच्यात 'ब्रेक्झिट' ओतला. ब्रिटनने राहावे असे म्हणणारा हा माणूस. बाहेर पडण्याचे नाव त्याच्या हातून घडले. एकदा नाव सुटसुटीत झाले की कल्पनाही शक्यतेतली वाटू लागते. ग्रीसची एक्झिट झालीच नाही. ब्रिटनने २०१६ मध्ये ५१.९ टक्के मतांनी ती ठरवली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी घेतली.

सर्व युरोपचे एक वृत्तपत्र काढण्याचे प्रयत्नही झाले. रॉबर्ट मॅक्सवेल यांचे 'द युरोपियन' १९९० मध्ये निघाले आणि १९९८ मध्ये बंद पडले. १९९३ मध्ये पाच भाषांत सुरू झालेली 'युरोन्यूज' वाहिनी टिकली, पण घरोघरच्या राष्ट्रीय बातम्यांची जागा तिला घेता आली नाही. एकत्र वाचायचे पान मिळाले नाही, तरी एकत्र भांडायचे शब्द मिळाले. 'ब्रेक्झिट' आज लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंत कोणालाही फोड करून सांगावा लागत नाही. एकाच शब्दावर सत्तावीस देशांत वाद होऊ शकतो, हीसुद्धा एक सामायिक ओळखच. युरोपच्या बाबतीत ती ध्वजाइतकीच खरी आहे असे मला वाटते.

मराठीत बातमी लिहिणाऱ्यांनी मात्र एक पथ्य पाळावे. राष्ट्रप्रमुख आणि सरकारप्रमुखांची 'युरोपियन कौन्सिल' वेगळी आणि मंत्र्यांची 'कौन्सिल' वेगळी. ४६ देशांची स्ट्रासबर्गची 'कौन्सिल ऑफ युरोप' तर युनियनची संस्थाच नव्हे. मानवी हक्कांचे युरोपीय न्यायालय तिच्या छत्राखाली येते. आपण तिघींनाही 'युरोपीय परिषद' म्हणून मोकळे होतो. भारताशी व्यापाराची बोलणी युरोपीय आयोग करतो, त्याला अधिकार मंत्र्यांची परिषद देते आणि संमती युरोपीय संसदेची लागते. तेव्हा 'ब्रुसेल्सने ठरवले' असे लिहिण्यापूर्वी कोणी ठरवले हे विचारावे, आणि वाचकानेही ते विचारल्याशिवाय बातमी पुढे पाठवू नये.