अग्रवादी

‘फिर्यादी’ हा शब्द आज आपणांस इतका घरचा वाटतो कीं, तो परभाषेंतून आला हें ध्यानांतहि येत नाहीं. फारशींत ‘फर्याद’ म्हणजे साह्यासाठीं मारलेली हांक. ती मारणारा तो फिर्यादी.

आमच्या केळशीस महालक्ष्मीचें देऊळ आहे, तसाच याकूबबाबांचा दर्गाहि आहे. मराठेशाहींतील न्यायाच्या भाषेंत अशीच शेजारशेजारची वस्ती दिसते. त्या काळच्या निवाडपत्रांत तकरीर, कतबा, राजीनामा हे शब्द परके; परंतु वाद मांडणाराचें नांव मात्र संस्कृत घडणीचें, ‘अग्रवादी’. उत्तर देणारा तो ‘पश्चिमवादी’.

अग्रवादी म्हणजे अगोदर बोलणारा. पण नुसतें बोलून त्याची सुटका नसे. गोतसभा उभयतांकडून जामीन घेई व निवाडा मान्य करूं असें लिहून घेई. मागाहून जो फिरेल तो गोताचा अन्यायी व दिवाणचा गुन्हेगार ठरे. जिंकणारानें हरकी द्यावयाची, हरणारानें गुन्हेगारी. म्हणजे आरोप करणें हें जोखमीचें काम होतें. या पद्धतींत दोषहि होते. गरिबानें जामीन कोठून आणावा?

इंग्रजी अमलांत १८६० चें दंडविधान व १८६१ चा फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा आला. दिवाणींत ‘वादी’ व फौजदारींत ‘फिर्यादी’ अशी वांटणी रूढ झाली. गंभीर गुन्ह्यांत खटला सरकार चालवूं लागलें आणि फिर्यादी बहुधा साक्षीदार होऊन बसला.

यांतला फरक टिळकांच्या दोन खटल्यांत स्पष्ट दिसतो. १८८२ सालीं अब्रुनुकसानीबद्दल टिळक-आगरकरांस चार महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हां फिर्यादी होते कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे. १८९७ सालीं राजद्रोहाच्या खटल्यांत टिळकांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हां फिर्याद सरकारची होती. पहिल्यांत एका माणसासमोर दुसरा माणूस उभा होता. दुसऱ्यांत आरोप करणारें सरकार, कायदा सरकारचा आणि न्यायाधीशहि सरकारनेंच नेमलेला. अशा अग्रवाद्याकडून जामीन कोणी मागावा?

खोटा आरोप करणें हा १८६० च्या कायद्यानें गुन्हा ठरविला. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि तो गुन्हाच आहे. अग्रवाद्याच्या जामिनाची येथें आठवण होते. फिर्याद करणारा शेजारी असो वा सरकार असो, त्याचा शब्द त्याच्यावरहि बंधनकारक असला पाहिजे, हें त्या जुन्या शब्दाचें मर्म आपण विसरूं नये.