कर्ण्यापासून मोबाइलपर्यंत: एका चीअरलीडिंग कोचच्या बॅगेचा इतिहास

कानात इअरफोन असतील तर आवाज जरा कमी करा, कारण आजची गोष्ट आरडाओरड्यापासूनच सुरू होते.

चीअरलीडर म्हटलं की आपल्याला काय आठवतं? आयपीएल. २००८ चा पहिला हंगाम, चौकार गेला की बाउंड्रीजवळच्या स्टेजवर दहा सेकंदांचा नाच, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्यावरून वाद. खरं सांगतो, मलाही बरीच वर्षं तेवढंच माहीत होतं. मग अमेरिकेतल्या हायस्कूलच्या चीअरलीडिंग कोचना रोज बॅगेत काय काय लागतं, त्याच्या याद्या वाचनात आल्या. शिट्टी, मेगाफोन, पॉमपॉम, स्पीकर, इथपर्यंत ठीक. पुढे जादा रबरबँड, नेलकटर, चिकटपट्टी, बर्फाच्या पिशव्या. आणि शेवटी एक फाइल: प्रत्येक मुलीची वैद्यकीय माहिती, पालकांचे नंबर, ॲम्ब्युलन्स शाळेच्या कुठल्या गेटने आत येणार ते.

मी थांबलो. नाचाच्या तालमीला ॲम्ब्युलन्सचा रस्ता कशाला पाहिजे?

त्याचं उत्तर शोधता शोधता ही सगळी बॅगच उघडावी लागली. तर आज आपण तेच करूया. एकेक वस्तू बाहेर काढायची आणि ती आत आली कशी ते बघायचं.

त्याआधी ही बॅग कुणाची, ते सांगतो. हायस्कूलची चीअर कोच बहुतेक वेळा पूर्णवेळ कोच नसते. अनेक जणी त्याच शाळेत शिक्षिका असतात. दिवसभर वर्गात शिकवायचं, शाळा सुटली की सराव घ्यायचा, शरद ऋतूत फुटबॉलचे सामने, हिवाळ्यात बास्केटबॉलचे, अधेमधे स्वतःच्या टीमच्या स्पर्धा. हातात वेळ कमी, म्हणून सगळं त्या एका बॅगेत.

पहिली वस्तू: मेगाफोन. आपला कर्णा म्हणा ना. बॅगेतली सगळ्यात जुनी वस्तू हीच. २ नोव्हेंबर १८९८. मिनेसोटा विद्यापीठाची फुटबॉल टीम ओळीने सामने हरत होती. तेव्हा जॉनी कॅम्पबेल नावाचा एक विद्यार्थी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि त्याने सगळ्यांकडून एका सुरात घोषणा म्हणून घेतल्या. घोषणा त्याआधीही होत्या, प्रिन्स्टनसारख्या विद्यापीठांत तर चांगल्याच रुजल्या होत्या. पण गर्दीच्या पुढे उभं राहून तिला चालवणारा माणूस म्हणून इतिहासात नाव लागलं ते कॅम्पबेलचं.

लक्षात घ्या, हा मुलगा होता. पुढची कितीतरी वर्षं हे मुलांचंच काम मानलं जायचं, आणि मानाचं काम. आयसेनहॉवर लष्करी अकादमीत चीअरलीडर होते. रोनाल्ड रेगन कॉलेजात होते. धाकटे जॉर्ज बुश तर हायस्कूलमध्येच होते. तिघंही पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. मिनेसोटात मुली या कामात आल्या त्या १९२० च्या दशकात. नंतर दुसऱ्या महायुद्धात मुलं आघाडीवर गेली, जागा रिकाम्या झाल्या, त्या मुलींनी भरल्या, आणि मग त्या मुलींच्याच झाल्या. तोवर कोचच्या बॅगेत काय होतं? कर्णा आणि फार तर शिट्टी. काम एकच, गर्दीचा आवाज वाढवणं. कुणी पडण्याचा प्रश्न नव्हता, कारण सगळ्यांचे पाय जमिनीवर होते.

दुसरी वस्तू: पॉमपॉम. इथे येतात लॉरेन्स हर्किमर, टेक्ससचे. चीअरलीडिंगमधली एक उडी आजही 'हर्की' म्हणून ओळखली जाते, ती यांच्याच नावावरून. १९४८ साली त्यांनी हंट्सव्हिल गावातल्या कॉलेजात चीअरलीडिंगचं पहिलं शिबिर घेतलं. आल्या ५२ मुली आणि आला एक मुलगा! दुसऱ्या वर्षी आकडा साडेतीनशेवर गेला. हर्किमरना कळलं की इथे नुसती हौस नाहीये, इथे धंदा आहे. मग गणवेश, साहित्य, शिबिरं, संघटना, सगळं उभं राहिलं. मूठ आत दडवलेल्या पॉमपॉमचं पेटंट त्यांना १९७१ मध्ये मिळालं. ते स्वतः मात्र 'पॉमपॉन' म्हणायचे, कारण 'पॉमपॉम'चा काही भाषांत अश्लील अर्थ होतो असं त्यांच्या कानावर आलं होतं.

आधीच्या झिरमिळ्या क्रेप पेपरच्या असायच्या. पाऊस आला की कागदाचा लगदा आणि गणवेशावर रंगाचे ओघळ. प्लॅस्टिकच्या झिरमिळ्या आल्यावर तो त्रास संपला. पण मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते शिबिर. चीअरलीडिंग आता शिकायची आणि शिकवायची गोष्ट झाली. आणि शिकवणारा आला की जबाबदार कोण, हा प्रश्नही मागून येतोच.

तिसरी वस्तू साधी आहे: एक कागद. निवड चाचणीचा गुणतक्ता. आज अनेक शाळांत निवडीला बाहेरचे परीक्षक बोलावतात आणि ते उडी, आवाज, ताल यांना वेगवेगळे गुण देतात. हा कागद किती मोलाचा आहे हे समजून घ्यायला टेक्ससच्याच क्रिस्टल सिटीला जावं लागतं. हे गाव पालकासाठी प्रसिद्ध आहे. तिथे पालकप्रेमी पॉपायचा पुतळासुद्धा आहे!

१९६९ साली तिथल्या हायस्कूलमध्ये बहुसंख्य मुलं मेक्सिकन वंशाची होती. चीअरलीडर चार. त्यांची निवड शिक्षक करायचे, आणि वर्षानुवर्षांचा शिरस्ता असा की तीन गोऱ्या मुली आणि एक मेक्सिकन. तुम्ही कितीही चांगल्या असा, जागा एकच. विद्यार्थ्यांनी तक्रार केली, मागण्या लिहून दिल्या. शाळेच्या मंडळाने दाद दिली नाही. मग डिसेंबरमध्ये शेकडो मुलं वर्ग सोडून बाहेर पडली. तोवर मागण्यांची यादी वाढली होती: दोन भाषांत शिक्षण हवं, आमचा इतिहास अभ्यासक्रमात हवा. केंद्र सरकारच्या न्याय खात्याची माणसं मध्यस्थीला आली आणि जानेवारी १९७० मध्ये मंडळाने बहुतेक मागण्या मान्य केल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शाळा मंडळाच्या आणि नगर परिषदेच्या निवडणुकांत या चळवळीतून उभ्या राहिलेल्या 'ला राझा उनिदा' पक्षाने बाजी मारली.

म्हणजे बघा, सुरुवात कुठून झाली? मैदानाच्या कडेला कोण उभं राहणार, यावरून. 'एवढ्याशा गोष्टीवरून एवढं?' असं म्हणणारे तेव्हाही असतीलच. पण शाळेत तुमची गणती होते की नाही, हे सोळाव्या वर्षी अशाच गोष्टींतून कळतं.

आता चौथा कप्पा. रबरबँड, नेलकटर, टेप, बर्फ आणि ती फाइल. माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

१९७४ मध्ये जेफ वेब यांनी वेगळी संघटना काढली. ते आधी हर्किमर यांच्याकडेच काम करायचे. वेब यांना चीअरलीडिंगमध्ये जिम्नॅस्टिक्सचं कसब आणायचं होतं. कोलांट्या, हवेत फेकणं, मनोरे. हळूहळू चीअरलीडिंगच्या स्वतःच्या स्पर्धा सुरू झाल्या, त्या टीव्हीवर दिसू लागल्या. पाय जमिनीवरून सुटले, उंची वाढली. बऱ्याच शाळांत सराव मात्र होता तिथेच राहिला: जेवणाच्या हॉलमध्ये, कॉरिडॉरमध्ये, जिथे जागा मिळेल तिथे, कडक फरशीवर.

उत्तर कॅरोलिना विद्यापीठातलं एक केंद्र १९८२ पासून शाळा-कॉलेजच्या खेळांतल्या अत्यंत गंभीर दुखापतींची नोंद ठेवतंय. अत्यंत गंभीर म्हणजे मान, मणका, मेंदू, किंवा थेट मृत्यू. पहिल्या पंचवीसेक वर्षांच्या नोंदीत हायस्कूलच्या मुलींच्या खेळांतल्या अशा दुखापतींपैकी सुमारे दोन तृतीयांश एकट्या चीअरलीडिंगमधल्या निघाल्या. गैरसमज नको: एकूण दुखापतींचं प्रमाण बघितलं तर चीअरलीडिंग बऱ्याच खेळांपेक्षा कमी धोक्याचं आहे. अशा घटना मोजक्याच होतात. पण झाली तर ती आयुष्यभराची असते.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. दहीहंडीचे थर आपण लहानपणापासून बघतोय. वरच्या थरावरचं पोर पडलं की गल्लीचा श्वास अडकतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वीस फुटांची मर्यादा घातली आणि अठरा वर्षांखालच्यांना मनाई केली. पुढे २०१७ मध्ये उंचीची अट गेली आणि वयाची अट चौदावर आली. किती उंच, कुठल्या वयाला, खाली काय अंथरलंय, पडलं तर कोण धावणार? प्रश्न दोन्हीकडे तेच.

अमेरिकेत २०१२ साली बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या शिफारशी छापल्या. मनोरा दोन माणसांपेक्षा उंच नको. कडक, ओल्या किंवा उंचसखल जागेवर स्टंट नको. कोच प्रशिक्षित हवी आणि अपघात झाला तर काय करायचं याचा लेखी आराखडा हवा. त्यातली कळीची शिफारस होती, चीअरलीडिंगला अधिकृतपणे 'खेळ' म्हणा.

नावाने एवढा काय फरक पडतो? बराच पडतो. शाळेने खेळ मानला की सरावाच्या तासांना नियम लागतात, कोचची पात्रता तपासली जाते, जिममध्ये जागा मिळते, दुखापत बघायला प्रशिक्षित माणूस मिळतो. 'उपक्रम' म्हटलं की यातलं काहीच सक्तीचं राहत नाही. गंमत अशी की २०१० मध्ये क्विनिपिॲक विद्यापीठाच्या खटल्यात एका केंद्रीय न्यायाधीशाने उलट निकाल दिला. त्या विद्यापीठाने मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून त्या जागी स्पर्धात्मक चीअरचा संघ दाखवला होता. न्यायाधीश म्हणाले, याचे नियम आणि स्पर्धा अजून पुरेशा घडलेल्या नाहीत, म्हणून समान संधीच्या कायद्यासाठी हा खेळ धरता येणार नाही. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींसाठी तो निकाल न्यायाचाच होता. पण चीअर करणाऱ्या मुली अधांतरीच राहिल्या. पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने चीअरलीडिंगच्या जागतिक महासंघाला २०१६ मध्ये तात्पुरती आणि २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली. शाळांचं चित्र मात्र राज्याराज्यांत वेगळं आहे.

म्हणून ती फाइल. जे काम खेळाच्या व्यवस्थेने करायला हवं, ते कोचची बॅग करते. रबरबँड फॅशनसाठी नाही: केस चेहऱ्यावर आले तर झेलणारीला वरून येणारी मुलगी दिसत नाही. नेलकटर आणि टेपचंही तसंच, नखाने डोळ्याला इजा होते आणि हवेतल्या मुलीचं बोट कानातल्यात अडकलं तर कान फाटतो.

शेवटची वस्तू तुमच्याही हातात आहे. मोबाइल. कोचसाठी तो वेळापत्रक, संगीत, पालकांचा ग्रुप, सगळं काही. पण २०१७ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या महनॉय भागात एका शाळकरी मुलीची वरच्या संघात निवड झाली नाही. शनिवारी, शाळेबाहेर, एका दुकानात बसून तिने स्नॅपचॅटवर बोट दाखवत फोटो टाकला. सोबत शाळेला, चीअरला आणि एकूणच सगळ्याला शिवी. चोवीस तासांत पुसली जाणारी पोस्ट. पण कुणीतरी स्क्रीनशॉट काढला, तो कोचपर्यंत पोचला आणि तिला वर्षभरासाठी संघाबाहेर काढलं. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. जून २०२१ मध्ये आठ विरुद्ध एक असा निकाल तिच्या बाजूने लागला. शाळेबाहेरच्या बोलण्यात शाळेला कधीच दखल देता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं नाही. पण या पोस्टसाठी ही शिक्षा बसत नाही, असं स्पष्ट सांगितलं.

मला यात एक वर्तुळ दिसतं. १८९८ मध्ये या कामाची सुरुवात झाली ती इतरांना ओरडायला लावण्यापासून. सव्वाशे वर्षांनी कोर्टाला ठरवावं लागलं की चीअरलीडरला स्वतःच्या मनातलं ओरडता येईल की नाही.

बॅग आता बंद करतो. तिच्यातल्या बऱ्याच वस्तूंच्या मागे एकेक मुलगी उभी आहे: कुणी पडलेली, कुणी डावललेली, कुणी चिडलेली. संध्याकाळी दमून सरावाला आलेली कोच ती बॅग जिमच्या कोपऱ्यात ठेवते आणि पहिल्यांदा मॅट नीट अंथरल्यात का ते बघते. कर्णा नंतर.

तुमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांच्या किंवा मॅडमच्या खिशात, कपाटात काय काय असायचं, आठवून बघा आणि मला कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या.